तुळशीच्या कुंडीतला घरजमाई

बुऱ्हाणपूर,
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

तीर्थरूप निरंजनदादांस धाकट्या निशाचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगा. तापीमाईच्या कृपेने इकडे सगळे खाऊनपिऊन आहेत. तुमचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेता ना, की वहिनींची पाठ फिरली की कपाशीला घालता?

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोन यांच्यासमोर करावा लागतो आणि हा मजकूर यांच्या कानावर जायला नको. धूलकोटच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे, म्हणजे आजच तुमच्या हातात पडेल.

वैशाखात तुम्ही माळावरच्या मातीचं पोतं पाठवलंत. (नर्सरीवाला माती पिशवीत भरून विकतो. माती विकत घ्यायचं पाप माझ्याच्याने अजून झालेलं नाही.) तुळस त्या मातीत अशी फोफावली की शेजारच्या आशाबाई येता-जाता मंजिऱ्या खुडायच्या. पण पोत्यात तुम्ही आणखी कोणाला पाठवलं होतं ते काल कळलं.

काल गोरज मुहूर्तावर तुळशीचं लग्न लावलं. नवरदेव म्हणजे आमचा शाळीग्राम, सासऱ्यांनी काशीहून आणलेला, सुपारीएवढा. मोठ्या वन्संचा, यमुनाताईंचा, त्याच्यावर फार जीव. दर त्रिपुरी पौर्णिमेला त्या शाहपूरहून येतात, त्याला स्वतःच्या हाताने आंघोळ घालतात आणि मग घरात काय काय बिघडलंय ते मोजायला बसतात. तर मी शाळीग्राम विड्याच्या पानावर ठेवून कुंडीत मांडला. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू (ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, पण मुहूर्त थांबत नाहीत). त्यांनी पंचामृत ओतलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. माती भिजली आणि तिच्यातून काहीतरी गोल, काळपट वर आलं. गुरुजींना तेच मोठं दिसलं. त्यांनी त्यालाच चंदन लावलं, त्यालाच जानवं घातलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि नवरदेवाने डोळे मिचकावले.

दादा, तो बेडूक होता! पण मोरीतल्या बेडकासारखा लांब तंगड्यांचा नाही. पुरणाचा उंडा हातावर दाबून ठेवावा तसा. मान नाही, नाक बोथट, पाय इतके आखूड की उडी मारण्यापेक्षा सरकणंच त्याला बरं वाटत असावं. पाठ भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची, बारीक पुळ्यांची, मधून पिवळी रेघ. डोळ्यांत सोन्याचा वर्ख. आशाबाईंनी बोट लावलं तर पुरीसारखा टम्म फुगला. "अगं बाई, रुसला की नवरदेव! मानपानाचं राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या.

मग सगळ्यांच्या देखत तो कपाळावरच्या चंदनासकट, कुल्ले हलवत, उलटा मातीत शिरला. आधी पाठ गेली, मग तोंड, शेवटी डोळे. समोरच्या लूमवर कापड विणणारा भूपेंद्र ओरडला, "भाभी, दूल्हा तो घर-जमाई निकला!" गुरुजी म्हणाले, "कोण? कुठे गेलं?"

पूनमने (धाकटी लेक, बी.एस्सी.ला आहे) मोबाइलमध्ये बघून सांगितलं की हा गवताळ माळावरचाच प्राणी, मागच्या पायाला फावड्यासारखी कडक गाठ असते, तिने भुसभुशीत माती उकरतो. पावसाळ्यात वर येऊन किडे-मुंग्या खातो आणि बाकीचे आठ महिने जमिनीखाली झोपतो. मला त्यात देवाची योजनाच दिसली. आषाढात देव झोपतात तेव्हा हा उठतो, कार्तिकात देव उठले की हा झोपायला जातो. कोणीतरी जागं हवंच ना.

पण वर्ख-चंदनाचं कौतुक संपल्यावर बघते तो पानावर शाळीग्राम नाही! नक्की त्याच्याबरोबर मातीत गेला. परवा पौर्णिमा. कुंडी उकरावी तर लग्न लागल्यावर पौर्णिमेपर्यंत तुळशीच्या मातीला सासरच्यांनी (म्हणजे आम्हीच) हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक. शिवाय उलथनं लागून कार्तिकात हत्या झाली तर मी कुठे फेडू? काल रात्रीचं जेवण गेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना सांगा, लोणचं पोचलं.

तुमची,
निशा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. मातीला सासरच्यांनी हात लावायचा नाही, पण मुलीच्या मामाला कोण अडवणार? आणि तुळशीचे मामा तुम्हीच. उद्या पहिल्या बसने या, हळू हाताने कुंडी उकरून शाळीग्राम काढा आणि जमलं तर त्या प्राण्याला परत तुमच्या माळावर सोडा. कोणी विचारलं तर खोकला दाखवायला आलो म्हणा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतच होते तर गुरुजींची बायको दारात! हातात शाळीग्राम. गुरुजींनी तो विड्याबरोबर सुपारी म्हणून घरी नेला होता. रात्री कातरायला घेतला तर अडकित्ता मोडला. शाळीग्रामाला ओरखडाही नाही. मी त्याला गंगाजलाने न्हाऊ घातलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि दोन भाकरी खाल्ल्या.

ता. क. तिसरा. तेव्हा आता येऊ नका. म्हणजे जेवायला या, फावडं नको. लग्न कोणाशी लागलं ते वन्संना कसं सांगायचं, माझं मी बघते. चार मंगलाष्टकं म्हणून लग्न लागलेल्याला गादीवरून उठवून माळावर टाकायचं, हे माझ्या मनाला पटेना. आषाढात जागा झाला की त्यालाच विचारू, कुठे राहतोस म्हणून.