पायाला फिरवणारं चाक

तारनाका, हैदराबाद
मार्च १९९७

प्रिय उमाजी,

सप्रेम जयभीम.

गंगूवहिनींचा एसटीडी बूथवरून फोन आला होता. म्हणाल्या, दिवाळीपासून खाटेवरून उतरले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. गुडघा धरत चाललाय, डॉक्टर म्हणतो असाच ठेवला तर लाकूड होईल. आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही साऱ्या दुनियेला बोलता, दोन शब्द त्यांनाबी बोला." आपल्या फाउंड्रीच्या गेटवर भाषण ठोकून पाळी सुटलेली माणसं तासभर उन्हात उभी करून ठेवणारा मी, "बघतो" एवढंच म्हणून रिसिव्हर ठेवला. भाषणानं गुडघा हलत नाही, एवढं मला कळतं. म्हणून तुझ्यासाठी एक सायकल तयार करवून घेतली. हे पत्र तुझ्या हातात पडलं, म्हणजे ती नांदेडला तुझ्या दारात पोचलीच असेल. उठायची घाई करू नको. आधी तिच्याबद्दल नीट वाच, बाकीचं शेवटी सांगतो.

आपल्या नेहमीच्या सायकलीत पाय थांबले तरी चाक फिरत राहतं. ही तशी नाही. हिचं फ्रीव्हील, म्हणजे मागची चक्री, वेल्डिंग मारून जाम केलंय. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. जोर तुझा उजवा पाय लावील. आणि डावा, ज्याच्यात गुडघ्याखाली जीव राहिला नाही, त्याला चाकच वर नेईल आणि खाली आणील. डाव्या पायडलला चामड्याचा पट्टा बसवलाय, त्यात पाऊल बांधायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात शर्यतीच्या अशा सायकलीचं चित्र पाहिलं होतं. तू म्हणायचास ना, तातेराव, तुझ्या वाचनानं एखादी भाकर तरी भाजली का रे? भाकर नाही भाजली, पण हे सुचलं.

गौलीगुड्यातल्या सायकल मिस्त्री खाजाभाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इस उमर में सर्कस में भरती होरे क्या साब?" तरी करून दिली. तुला द्यायच्या आधी मी स्वतः चालवून पाहिली. तुझ्यासारखा पाय ताठ राहावा म्हणून डाव्या गुडघ्याखाली कामट्या बांधल्या, पाऊल पट्ट्यात अडकवलं आणि निघालो. रेल्वे क्वार्टरांतल्या बायका नळ सोडून बघत होत्या. घाबरून थांबवायला पाय उलटा रेटला, तर मागची चक्री आट्यांवरून सुटली, चेन निसटली, आणि मी भाजीच्या गाडीवर. खाजाभाई म्हणाला, "उल्टा पाव मारे तो खुलताच ना. नक्को बोला था मैं." बोलला नव्हता. पण मग त्यानं चक्रीला चिकटून एक चेकनट पिळून बसवला. आता सुटत नाही. तरीही पायानं थांबवू नको. पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक नवीन आहेत.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेव. चेन ताणलेलीच असू दे, सैल पडली तर चाक मागं सरकवून घे. चेनवर पूर्ण झाकण घातलंय, कारण या सायकलीत पायजमा अडकला तर पाय थांबवून सोडवता येत नाही. मागची चक्री मोठी घेतलीय, सुरुवातीला हलकी जाईल, वेग कमी मिळेल. तुला कुठं गाडी गाठायचीय? उतारावर पाय पळायला लागतील, तेव्हा त्यांच्याशी भांडू नको, ब्रेक धर. डबल स्टँडवर उभी असतानाच बसायचं, वहिनींनी पुढं लोटायची. मागं रुंद कॅरियर आहे, दळणाचा डबा राहील. आणि थांबताना उजवीकडेच कल. डावा बांधलेला असतो. मी दोनदा डावीकडे आपटलो. आयुष्यभर डावीकडे झुकलेल्या माणसाचं दुसरं काय होणार, असं तू म्हणशील, म्हणून मीच म्हणून घेतो.

टीव्हीवर आता गियरच्या सायकलींच्या जाहिराती येतात. आपल्या फाउंड्रीच्या जागी, कुकटपल्लीत, फ्लॅट उभे राहतायत. तीन वर्षांपूर्वी तुझा पाय जिथं चिरडला तिथं नमुना फ्लॅट आहे, आत गारवा आहे, पाहुण्यांना सरबत देतात. मी जाऊन पिऊन आलो. सरकार म्हणतं देशानं आता स्पर्धेत उतरायला हवं. ज्याचा पाय यांनी मोडला, त्यालाच पळायला सांगतात, आणि मागं पडला की आळशी म्हणतात. यावर मी तासभर बोलू शकतो. पण ऐकायला गेट उरलं नाही.

आता बाकीचं. उमाजी, आपण तुझ्या पायाच्या भरपाईची केस हरलो. वकिलाचा कागद येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. क्रेनखाली जाऊ नये हे ठाऊक असताना कामगार स्वतःहून गेला, म्हणून भरपाई नाही, असा निकाल आहे. आधार तुझीच जबानी: "चूक माझी." निकालानंतर क्रेनवरचा दिलीप माझ्याकडे आला आणि म्हणाला, माझी सायकल घ्या, उमाजीमामांना द्या. तीच ही. का, म्हणून विचारलं, तर मान खाली. मग मी एकेक प्रश्न विचारत गेलो. तू तुझ्या जागेवरच उभा होतास का? क्रेनवर दिलीप होता, सलग तिसरी पाळी, नोकरीवरून काढीन म्हणून फोरमननं बसवलेला, त्याचा डोळा लागला का? त्यानं एकदाही हो म्हटलं नाही. पण नाही म्हणणंही त्याला जमलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की दवाखान्यात, वहिनींनी उशाशी लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून तू त्याला गप्प राहायची शपथ घ्यायला लावलीस. तुझ्या दोन लेकरांचं बघ, माझा पाय तर गेलाच, म्हणालास. त्याची नोकरी वाचली खरी. चार महिन्यांनी कारखानाच बंद झाला.

दर रविवारी विहारात आपण खोटं बोलणार नाही म्हणून हात जोडतो, आणि खोट्याची शपथ घेतली ती त्याच माणसाच्या फोटोवर. तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं, वर त्यावर भाषण ठोकलं असतं. पण त्या खोट्यावर आज फक्त मालकाचं पोट भरतंय. अपील करता येतं. दिलीप खरं सांगायला तयार आहे, उद्या त्याचं काय व्हायचं ते होवो. मात्र शपथ तू घातलीस, ती तूच सोडवायची. माझ्या शब्दावर तो तोंड उघडणार नाही, मी बोलून पाहिलं. सायकल पार्सलनं पाठवलेली नाही. ती घेऊन आणि हे पत्र घेऊन तोच आलाय. बाहेर हँडल धरून उभा असेल. वहिनींनी चहा दिला तरी घेतला नसेल. खाटेवरून उतर आणि दारापर्यंत जा.

तुझाच,
तातेराव