झाकलेला हात

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. खोकला गेला. शेजाऱ्यांचं मांजर याही वेळी माझ्याच खाटेखाली व्यालं. तुझ्या गुडघ्याचं काय? भावजींना सांग, स्वेटर पोचला; दोन्हीकडून घट्ट होतो, म्हणजे पुढून आणि मागून, पण घालतो.

नोकरीचं विचारलं होतंस. फोनवर मी "प्रदर्शनात साफसफाई" एवढंच म्हणालो, कारण सगळं सांगितलं असतं तर तू त्या दिवशी जेवली नसतीस. मानवी शरीराचं प्रदर्शन आहे. खरी माणसं, मरण्याआधी स्वतःचा देह लिहून दिलेली, कातडी काढून आणि औषधं भरून टिकवलेली. कुणी उभं, कुणी बसलेलं, एक जण चेंडू फेकतोय. भोवती काचा नाहीत, त्यामुळे बघायला येणाऱ्यांच्या कपड्यांची लव आणि केस त्यांच्या अंगावर बसतात. दार उघडायच्या आधी दोन तास आम्ही ती मऊ ब्रशनं झटकतो. घड्याळांचं दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं होतं, माझ्या हलक्या हाताला आता कोण विचारतंय. मिळालं बघ गिऱ्हाईक, तेही तक्रार न करणारं.

मला काम शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात नर्स होत्या. त्या प्रत्येकाला आधी सांगतात, "आता कान हं. आता मान." पहिल्या दिवशी मला हसू फुटलं. म्हटलं, "बाई, यांना ऐकू येतं का?"

"तुला कुणी न सांगता हात लावला तर चालेल का? मग सांग, आणि मगच ब्रश लाव."

आता मीही सांगतो. सवय झाली.

परवा माझ्या हातून एक चूक झाली. शेवटच्या दालनात एक म्हातारी उभी आहे. पाठीला बाक, बोटांचे सांधे जाड. संध्याकाळी आम्ही सगळ्यांवर चादरी टाकतो आणि सकाळी काढतो. परवा तिची चादर मी काढली, नीट घडी केली आणि तिच्या डाव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत गुंडाळून ठेवली. कसं झालं, माझं मलाच कळलं नाही. दार उघडलं, शाळेची एक तुकडी आत आली आणि एका मुलीनं विचारलं, "या आजींच्या हाताला काय झालंय?" साहेब धावत आले. माझी चांगलीच खरडपट्टी निघाली.

बाईंनी मला चहाच्या खोलीत नेऊन बसवलं. "कुणाचा हात रे?" एवढंच विचारलं.

तुला कळलंच असेल.

ताई, आता लिहितो. तीन वर्षं टाळलं. आई गेली त्या सकाळी मी मेडिकल कॉलेजला फोन केलाच नाही. तिनं देहदानाचा फॉर्म भरला होता, नंबर फ्रीजवर चिकटवला होता, तू तिकडून निघताना मला तीनदा बजावलं होतंस. मी फोनजवळ नुसता बसून राहिलो आणि तू पोचायच्या आत सगळं उरकून टाकलं. तुला म्हणालो, त्यांनी नकार दिला, जागा नाही म्हणाले. तू त्या कॉलेजच्या कारकुनाला फोनवर खोटारडा म्हणालीस, वर लेखी तक्रार केलीस. तो बिचारा शपथेवर सांगत होता की असा फोन आलाच नाही. खोटारडा तुझ्या शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

स्वतःची समजूत घातली की मी आईची लाज राखली. तो भाजलेला हात तिनं उभ्या जन्मात कुणाला दाखवला नाही, भर उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या. मग विद्यार्थ्यांच्या घोळक्यात तो उघडा कसा पडू द्यायचा? ऐकायला बरं वाटतं. पण तेही खरं नाही. आई सगळ्यांना सांगायची, "माझाच धक्का लागला पातेल्याला." तू तेव्हा शाळेत होतीस. पातेलं मी ओढलं होतं. सहा वर्षांचा होतो, ती नको म्हणाली म्हणून हट्टानं ओढलं. उकळतं पाणी माझ्या डोक्यावर यायचं, तिनं हात मध्ये घातला. मला कधी बोल लावला नाही, आणि कुणाला सांगूही दिलं नाही. लाज माझी होती, ताई. तो हात मलाच लपवायचा होता.

बाईंना हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ एकच कप धूत राहिल्या. मग मला त्या म्हातारीपाशी घेऊन गेल्या. "बघ नीट. कातडी कुठाय? पाण्यानं भाजलेलं कातडीबरोबर निघून जातं. खाली सगळ्यांचं सारखंच असतं रे."

फॉर्म भरल्यावर आई एकदा भाजी निवडताना म्हणाली होती, "तिथे मला कुणी बाहीचं विचारणार नाही." मी हसण्यावारी नेलं. तिनं सगळा विचार केला होता. एकदा तरी तिला तो हात मोकळा हवा होता, तेवढंही मी होऊ दिलं नाही. मला भीती होती, परकी माणसं तिला कशीही हाताळतील. आता रोज सकाळी कुणाच्या तरी आईजवळ मीच परका माणूस म्हणून उभा असतो, आणि सांगितल्याशिवाय हात लावत नाही. हे आठवून फार रडलो.

सोबत फॉर्म आहे. माझा. जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि मला तुझ्याशिवाय आहे कोण? नात्याच्या रकान्यात मी "बहीण" लिहिलंय, पेन्सिलीनं. खोडायचं असेल तर खोड, मी वाईट वाटून घेणार नाही. हे खोटं लिहिलं. वाटेल. त्या कारकुनाला वेगळं पत्र टाकलंय.

सही केलीस तर कॉलेजचा नंबर फॉर्मच्या मागे आहे. माझी वेळ येईल तेव्हा फोन तुलाच करायचा आहे. माझ्यासारखं करू नकोस.

तुझा (हेही पेन्सिलीनंच),
धाकटा