सासऱ्यांचा कॉम्प्युटर आणि माझी नर्स

३ जून
‘आठवण’ची नवी आवृत्ती सोडली! औषधाची वेळ सांगणारा माझा प्रोग्रॅम. फुकट, ओपन सोर्स, अखिल मानवजातीसाठी. आता गोळीची वेळ झाली की स्क्रीनवर नर्स चालत येते. तिची सावलीसुद्धा पडते. स्वस्तातल्या मशीनवर चालणार नाही, पण त्यांच्यापायी प्रगती थांबवायची का? मोह नको म्हणून जुनी आवृत्ती पुसून टाकली.

४ जून, सकाळ
मानवजातीकडून पहिली तक्रार. पलीकडच्या गल्लीतले सासरे. हिने त्यांना घेऊन दिलेला तो डबडा कॉम्प्युटर! नर्स अर्ध्यातच अडकली म्हणे, आणि तिची वाट बघण्यात बीपीची गोळी राहिली. ‘मशीन बदला’ असं बाणेदार उत्तर पाठवलं.

४ जून, संध्याकाळ
ही म्हणाली, “बाबांची गोळी परत चुकली, तर नर्सचं नंतर, आधी तुमचं बघते.” तत्त्वाला मुरड घातली. उद्यापर्यंत हलकी आवृत्ती. डाव्या हातचा मळ. तोवर गजराचं घड्याळ आणू का, असंही तिने विचारलं. फार लागलं मनाला. म्हटलं, तोवर मी स्वतः जाऊन सांगेन.

५ जून
सावली काढली. तरी अडकते. तीनदा सासऱ्यांकडे जाऊन आलो.

७ जून
नर्सचे पाय काढले. आता ती दिसते, पण सासरे घाबरतात.

१० जून
नर्सच काढली. तिच्याबरोबर गजरही गेला. पांढरा स्क्रीन येतो, पण काय झटकन येतो!

१२ जून
सासऱ्यांच्या नव्या तक्रारी: उशिरा येतो. आवाज कमी करता येत नाही. प्रोग्रॅमला आवाजच उरलेला नाही, हे त्यांना कोण सांगणार?

१५ जून
दुपारी सासऱ्यांकडे चहा, गप्पा. निघालो आणि फाटकाशी आठवलं, गोळीचं सांगायचं राहिलं. परत फिरलो. आत सासरे शेजारच्या हेडमास्तरांना सांगत होते, “जरा स्लो आहे. मधेच अडकतं. चहा दिल्याशिवाय सुरू होत नाही. पण लेकीची पसंती, सांभाळून घ्यायचं. बदला कसं म्हणणार?”
गोळी त्यांनी आपली आपणच घेतली होती. मला बघून परत चहा टाकला.
कॉम्प्युटरला चहा! वय झालं की माणूस काहीही बोलतो.
चहा मात्र छान होता.