घरच्या मातीचं पोतं

मंगळवार, संध्याकाळ

बाबांनी बसने पाठवलेलं काळ्या मातीचं पोतं आज वर्ध्याहून आलं. तोंड आईनं लाल दोऱ्यानं शिवलेलं. एम.टेक.ला मृदा अभियांत्रिकी घेणारी मी एकटीच, त्यामुळे प्रयोगशाळेत दोरा उसवताना बोलायला कोणीच नव्हतं. घरचा वास आला. चाचणीसाठी ती चाळायला हात धजेना. किती बारीक टाके घातलेत आईनं.

बाबांना फोन केला.

"माती पोचली पुण्याले. आता तू कवा येतं?"

"चाचण्या संपल्या की, बाबा."

कधी संपणार, मला तरी कुठे माहीत? माती भिजून फुगायला वेळ घेते, तिला सोडून जाता येत नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले.

मूठभर माती न चाळताच नारायण पेठेतल्या खोलीवर आणली. कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते वाटेत ठरवत होते. कुलूप काढलं तेव्हा आठवलं, विचारायला इथं कोणी नाही.