पोळीची फुगीर बाजू

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुमच्यावर रागावले तरी कोणी मला अडवणार नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट आहे. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं जितकं बरं असायचं तितकंच आहे. पुढे दुकानांच्या पाट्या आणि पेपर वाचून जे सुधारलं ते माझं मी. तुमच्याशी माझं काम पोळीबद्दल आहे. हसू नका. तुम्ही त्या दिवशीही हसला होतात.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला वर्गातून बाहेर काढता. पुस्तक नाही, पाटी नाही, डबे तेवढे बरोबर. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत आम्ही पोरी दोघी-दोघींच्या रांगेनं उभ्या, आणि तुम्ही म्हणता, "गोल दाखवा." कोणी सायकलचं चाक दाखवते, कोणी फुलवालीच्या तराजूचं पारडं. एक आगाऊ कार्टी तुमच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बोट करते, आणि तुम्ही तिला शाबासकी देता! चौकोन म्हटल्यावर रेडिओच्या दुकानातले रेडिओ, पुस्तकं, दाराच्या फळ्या. चौकोनांना काय तोटा त्या पेठेत. मग तुम्ही म्हणालात, "त्रिकोण?" आणि सगळ्या इकडेतिकडे शोधू लागल्या. मी डबा उघडला आणि घडी घातलेली पोळी तुमच्यापुढे धरली.

तुम्ही पोळीच्या कडेवरून बोट फिरवलंत. "ही बाजू सरळ. ही पण सरळ. आणि ही गं?"

"फुगलीय," मी म्हटलं.

"मग त्रिकोण कसा?"

"पोळी आहे बाई. चांगली असली की फुगतेच."

सगळी रांग हसली, तुम्हीही. पण चूक म्हणाला नाहीत. म्हणालात, "अशा आकाराला वेगळं नाव आहे. उद्या सांगते. तोवर तू डोकं चालव."

उद्या मी आलेच नाही. घरी भाऊ जन्मला, आई बाळंतिणीच्या खाटेवर, आणि थोरली मी. सात वर्षांची. पाटावर उभी राहिले की ओट्यापर्यंत हात पोचायचा, एवढ्यावर मी स्वयंपाकाला लायक ठरले. दोन-चार दिवसांचं म्हणत म्हणत ते कायमचंच झालं. कुणी बसून ठरवलंसुद्धा नाही, याचा मला जास्त राग येतो. ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तुम्ही घरी आलात. उंबऱ्यापाशी बसलात, आईनं चहा दिला. मी आत पोळ्या करत होते आणि कान तुमच्याकडे. "हुशार आहे हो, पाठवा," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "हुशार आहे म्हणून तर घर सांभाळतेय." तुम्ही कप खाली ठेवलात. शेवटी माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "तुझं ते नाव सांगायचं राहिलंय. शाळेत ये, मग सांगते."

बाई, मेला एक शब्द तो. तिथंच सांगितला असतात तर तुमचं काय जात होतं? मला आता कळतं, तुम्ही गळाला आमिष लावत होतात. त्यासाठी तरी पोरगी येईल, असं वाटलं असेल तुम्हाला. पण मासा घागरीत होता बाई, आणि घागर आईच्या हातात होती. आमिष दाखवून उपाशी तेवढी ठेवलीत.

पुढे एकदा तुम्ही मला दिसला होतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानापाशी, चष्मा कपाळावर सरकवून पानं चाळत होतात. माझ्या कडेवर मुलगा, हातात भाजीची पिशवी. दहा पावलांवर होतात. काय म्हणणार होते मी? बाई, उद्या झाला, आता सांगा? मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग काही वर्षांनी तुम्ही गेल्याचं फुलवालीकडून कळलं.

हे सगळं विसरले होते म्हणा ना. आता मी कर्वेनगरात मुलाकडे असते. परवा सुनेचा ऑफिसातून फोन. "आई, छोटीच्या शाळेतून सांगितलंय, घरातल्या वस्तूंमधले शेप ओळखायचे. जरा बघाल का? मी मीटिंगमध्ये अडकलेय." म्हटलं, बघते, घरातल्या वस्तू कुठं पळून जात नाहीत. नात चार वर्षांची. आम्ही दोघी घरभर फिरलो. फ्रिज, टीव्ही, मोबाइल, दार, खिडकी, जिकडेतिकडे लांबट चौकोन. "ए आजी, त्याला रेक्टँगल म्हणतात," ती मला शिकवत होती. गोलासाठी माझ्या बांगड्या काढून घेतल्या तिनं. मग मी कणीक मळायला घेतली आणि ती ओट्यापाशी स्टूल ओढून उभी राहिली.

मी पुरी लाटली. "सर्कल!" तेल लावून अर्धी घडी घातली. "हाफ!" आणखी एक घडी घातली. ती ओरडली, "ट्रँगल!" आणि मग वाकून बघू लागली. कणकेच्या कडेवरून बोट फिरवलं तिनं, बाई. कुणी शिकवलं नव्हतं. "आजी, ही बाजू अशी का? मग हा कोण?"

माझ्या तोंडून गेलं, "उद्या सांगते."

जीभ चावली, पण सुटलेला शब्द. संध्याकाळी मुलाला विचारलं. म्हणाला, "आई, पोळी आहे ती. खा." इंजिनिअर केला हो याला मी. मग खालच्या मजल्यावर गेले. तिथली पोर दहावीला आहे. तिला पोळीची घडीच करून दाखवली. तिनं भूमितीचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि म्हणाली, "आजी, ही वर्तुळपाकळी."

वर्तुळपाकळी. इतकं साधं. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी नात व्हॅनमधून उतरली, तशी मी फाटकातच गाठली. दप्तरसुद्धा काढू दिलं नाही. "वर्तुळपाकळी!" म्हटलं.

"काय?"

"कालची गं. पोळीची घडी. तुला नाव हवं होतं ना?"

"आजी, शेप संपले," ती म्हणाली. "आजपासून कलर्स. तू रेड दाखव."

एका दिवसात संपलं, बाई. मी एक दिवस उशीर केला आणि पोर पुढे निघून गेली. मला तिच्या वेगाची सवय नव्हती. माझा तो प्रश्न साठ वर्षं ओट्यावर तसाच उभा होता, म्हणून वाटलं सगळ्यांचा तसाच थांबतो. तिला मी तिखटाचा डबा दाखवला. ती खूश. जिना चढताना तिनं विचारलं, "आजी, तू शाळेत गेली होतीस?"

"गेले होते. थोडी."

"तुला आवडायची?"

"छे. मुळीच नाही," मी म्हटलं. सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे, नवऱ्याला, मुलाला, सोसायटीतल्या बायकांना. शाळेत लक्षच नव्हतं माझं, बरं झालं सुटली. सांगून सांगून त्याला आता धार आली आहे, लोक हसतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. पण निदान तुम्हाला तरी खरं सांगून ठेवते. आवडायची.