चौफुलीवरचा फ्लेक्स

५ जानेवारी २०२५, रविवार

हरले! तळोद्याशी. तळोद्याशी!! ज्यांच्याकडे धड सात गडी नव्हते, सातवा प्रेक्षकांतून उठवून बनियनवर उतरवला, त्यांच्याशी अकरा गुणांनी हरले.

आमच्या म्हसावदचा कबड्डी संघ म्हणजे पंगत उठल्यावर जेवण जिरवायला उभी राहिलेली सात माणसं. कप्तान भाग्येश, माझा सख्खा पुतण्या, लिहायला लाज वाटते. तो पकड करायला जातो तेव्हा वाटतं, व्याह्यांची गळाभेट घेतोय. एकटा भरत चढाईला जाऊन काहीतरी आणतो. सातपुड्यातल्या पाड्यावरचं पोरगं, भाग्येशच्या ठिबकच्या दुकानात कामाला. आज तोही दोनदा हात हलवत परत आला. येताना गाडीची काच खाली करून मी त्याला म्हटलं, "आईला सांग, पोरगं परत घेऊन जा, वॉरंटी संपली." बाकीचे हसले. तो हसला नाही.

६ जानेवारी

कपाटातली ती जागा दोन वर्षं रिकामी आहे. सकाळी उगाच पुसून काढली.

कै. नवल पाटील स्मृती चषक. नाना गेले त्या वर्षी मी स्पर्धा सुरू केली, चषक खास सुरतेहून आणला, अडीच फुटी. सलग तीन वर्षं जो संघ जिंकेल त्याच्याकडे चषक कायमचा — हा नियमही मीच लिहिला. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, नियम लिहायची खोड जात नाही. तेव्हा आपला संघ असा होता की वाटलं, तीन वर्षांत चषक कायमचा घरातच! आता बसा बोंबलत. गेली दोन वर्षं अक्कलकुवा जिंकतंय. २६ तारखेला फायनल, यजमान म्हणून आपण थेट त्यात; ते पुन्हा जिंकले की संपलं. माझ्या बापाचं नाव अक्कलकुव्याला कुठल्या तरी मंडळाच्या खोलीत, कॅरम बोर्डाशेजारी. कायमचं.

भीती वाटते. खरंच वाटते.

१२ जानेवारी

सरावाला खुर्ची टाकून बसलो. दोन तास तोंड चालू ठेवलं, कारण पाय कोणाचेच चालत नव्हते. घरी आल्यावर बायको, शोभा, म्हणाली, "पोरं शेतस हो ती, तुमना वैरी नहीत." वैरी परवडले. वैरी निदान जिंकतात!

१३ जानेवारी

संघातला भिला म्हणतो गुडघा दुखतो. म्हटलं, गुडघ्याला लाज वाटत असेल.

१९ जानेवारी, रविवार

शहाद्याला सराव सामना. एकोणीस गुणांनी. दोनदा सातही जण बाद होऊन लोण बसला. भाग्येश शेवटी शेवटी घड्याळाकडेच बघत होता, जसा काही बस चुकणार होती.

परत येऊन चौफुलीवर चहाला थांबलो तर टपरीवाल्या रायसिंगने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमना संघ मरी गया म्हंतस! दहावं कधी?" लोक खो खो हसले. मीही हसलो. पण चहा संपेपर्यंत डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती.

२० जानेवारी

फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दिवाळीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर सातही जणांचे फोटो होतेच, तेच उचलायला सांगितले. प्रत्येकाला वेगळा झेंडूचा हार. फ्लेक्सवाला गडबडला. "सर, अपघात व्हयना का?" म्हटलं, हो, तळोद्याला.

मजकूर माझाच. 'भावपूर्ण श्रद्धांजली. म्हसावद कबड्डी संघ. अल्पशा खेळाने दुःखद निधन. दशक्रिया विधी: २६ जानेवारी, शाळेचे मैदान. शोकाकुल: समस्त प्रेक्षकवर्ग.' आठ बाय दहा. भरतचा फोटो मधोमध, सगळ्यांत मोठा. तोच त्यातल्या त्यात गडी आहे, म्हणून त्यालाच जास्त लागू दे!

२१ जानेवारी

सकाळी चौफुलीवर लागला. काय गर्दी! बस थांबवून कंडक्टर वाचत होता. पोरं सेल्फी काढत होती. भाग्येश मोटारसायकलवरून आला, पाय टेकून पूर्ण वाचला. "काका, मस्त छापेल शे." एवढंच बोलला आणि गेला. लागू दे. चाबूक बसल्याशिवाय घोडं हलत नाही.

२२ जानेवारी

भरतची आई आली. रूपलीबाई. ऊसतोडीला गुजरातेत होती. भरतनेच फोन केला होता म्हणे, फायनल बघायला ये. सकाळच्या जीपने चौफुलीवर उतरली, डोक्यावर गाठोडं. वर बघितलं.

तिला वाचता येत नाही. वाचायची गरज काय! फोटो, फोटोला हार. असला बोर्ड कशाचा असतो ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.

गाठोडं पडलं. ती रस्त्यातच बसली आणि डांबरावर कपाळ आपटायला लागली. "मन्हा भरत! मन्हा भरत!" काल हसणारे सगळे तिथेच उभे होते. एकाचंही पाऊल पुढे पडेना. भाग्येशचं दुकान दोनशे पावलांवर. भरत पळत आला, तिला धरलं. तिने त्याचं तोंड चाचपलं, हात चाचपले, पुन्हा वर फ्लेक्सकडे बघितलं. पुन्हा चाचपलं. तिचा विश्वासच बसेना. कपाळाचं रक्त त्याच्या शर्टाला लागलं.

मी टपरीवर होतो. हातात चहा. उठलो नाही.

मला काय ठाऊक तिला वाचता येत नाही!

ठाऊक होतं. भरत माझ्याच शाळेत होता. निकालपत्रावर तिचा अंगठा असायचा.

दुपारी भाग्येशने फ्लेक्स उतरवला आणि माझ्या अंगणात आणून टाकला. मी गोठ्यात ठेवला.

२४ जानेवारी

सरावाला सातही जण. माझ्याशी कोणी बोललं नाही. ती मैदानाच्या कडेला बसलेली, कपाळाला पट्टी. भरतवरून नजर हलवत नाही. शिट्टी वाजली की दचकते. मी खुर्ची न टाकताच परत आलो.

२६ जानेवारी, रविवार

जिंकलो! अक्कलकुव्याला हरवलं, ३१–३०!!

असा सामना मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. भिला त्याच गुडघ्यावर सात पकडी करून गेला. भाग्येशचा ओठ फाटला, तरी बाहेर आला नाही. शेवटची चढाई, आपण तीन गुण मागे. भरत आत गेला, कोपऱ्यातल्या दोघांना शिवला आणि तिथेच त्या दोघांसकट चौघे त्याच्या अंगावर पडले. चौघांना ओढत ओढत आला. बोटं मध्यरेषेच्या अलीकडे. मी लहान पोरासारखा उड्या मारत होतो. नाना वाचले! नाना घरी आले!

मग बक्षीस. चषक दरवर्षी माझ्या हातून द्यायचा असतो. भाग्येश वर आला. पाया पडला नाही. माझ्या हातून चषक घेतला, मंचावरून खाली उतरला, मैदान ओलांडून गेला आणि रूपलीबाईच्या मांडीवर ठेवला. परत येऊन माईक घेतला. "आमनासाठे खरं रडनी ती एकच."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझे हात किती वेळ तसेच पुढे होते कोण जाणे.

२७ जानेवारी

नानांचा चषक पाड्यावरच्या झोपडीत! मक्याच्या कणसांत, कोंबड्यांत! ज्या माणसाने चाळीस एकर कसली, त्याचं नाव मजुरीवाल्या बाईच्या घरात! यापेक्षा अक्कलकुवा बरं होतं, तिथे निदान फरशी असेल. पुतण्या नव्हे, अस्तनीतला निखारा.

शोभा ताट वाढताना म्हणाली, "जिकनात ना? मंग?" जेवलो नाही.

३१ जानेवारी

रूपलीबाई आली आहे. एकटीच. लुगड्यात गुंडाळून चषक आणला. म्हणाली, "तुमना बापनं नाव शे यावर. मरी गयेल मानूस त्याना घर मा ऱ्हावाले पाहिजे. ल्या."

घेतला. कपाटात ठेवला. मग तिने बोर्ड मागितला. मी म्हटलं, बाई, नवा छापून देतो, हार नसलेला.

"नवा नको. हाऊच. ज्यानी हार घाला, त्यानीच काढाले पाहिजे. मंग मी घर लई जासू."

गोठ्यातून फ्लेक्स आणला. अंगणात पसरला, शेण पुसलं. हार भरतच्या गळ्यापासून छातीवरून पोटापर्यंत आहे. हार कापायचा तर पोरगाही कापला जातो.

ती ओट्यावर बसली आहे. मी आत ही वही उघडून बसलोय; कात्री शोधतोय असं तिला वाटतंय.