बावीस दिवसांचे आदेश

३ नोव्हेंबर २००६
आज सव्वापाचला गुलाम नबी चाचांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा डबा ठेवला अन् माझं सगळं संपलं. चाचा आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. निखतचे अब्बू. "तोंड गोड कर, बेटा. निखतचा रिश्ता पक्का झाला. मोहसीन नाव पोराचं. नांदगाव पेठेत कापडाच्या मिलमधी सुपरवायझर आहे!"
मी दोन पेढे खाल्ले. मुबारक हो म्हणालो.
तिच्यासाठी अमरावतीचं कॉलेज अर्ध्यात सोडून अकोल्याला परत आलो. तिच्या अब्बूंच्या ऑफिसात रोजंदारीवर टायपिंग धरलं. तिला यातलं काही माहीत नाही. एक शब्द बोललो नाही अजून. — बोलणारच होतो ना!
(उर्दूत लिहिलं तर अम्मी वाचते. म्हणून मराठीत.)

५ नोव्हेंबर
सुपरवायझर!!

६ नोव्हेंबर
चाचांचं ऑक्टोबरच्या अतिकालिक भत्त्याचं बिल आलं. खेड्यात कुणा शेतकऱ्यानं जीव दिला की साहेबांना चौकशीला घेऊन आमची जीप निघते. चाचांची ड्युटी सहाला संपते, पण घरी जातात नऊ-दहाला. एका महिन्यात असे बावीस दिवस.
नियम असा — जास्तीच्या कामाआधी साहेबांचा लेखी आदेश पाहिजे. साहेब कुठला लिहितो! "चला, गुलाम नबी" म्हणतो, बसतो. महिना संपला की मी लॉगबुक पाहून मागच्या तारखांचे आदेश टाइप करतो अन् साहेब गठ्ठ्यानं सह्या ठोकतो. माझ्या आधीही असंच चालायचं.
या वेळी एकही टाइप केला नाही. बिलावर लिहिलं : 'लेखी पूर्वादेश जोडलेला नाही. सबब भत्ता अनुज्ञेय नाही.'
काय मजा आली! मोहसीनच्या थोबाडावर लिहिल्यासारखी.

८ नोव्हेंबर
बडे बाबू नत्थुजी खेकसले, "काहून बे, आदेश काहून नाही लावले?"
"खोटे कागद बनवू का, बाबूजी?"
"वा रे हरिश्चंद्रा! मागच्या महिन्यात कोण बनवत होतं? तुहा बाप?"
चाचा मात्र हसले. "नियम असंन त असो. पैसे कुठं पळून राहिले? चहा घे, बेटा."
हा माणूस चिडत का नाही!

१५ नोव्हेंबर
ऑडिटवाले आले. तेच बिल उचललं. साहेबांना घाम फुटला. म्हणाले, "मी आदेश दिलाच नव्हता." साहेबांच्या दौऱ्याच्या नोंदीत परतायची वेळ रोज साडेपाच. सवयच तशी आहे त्यांची, बसल्या जागी लिहायची. मग सहानंतर बावीस दिवस सरकारी जीप कुणी फिरवली?
सगळं ऑफिस फायलीत मान घालून बसलं. नत्थुजीसुद्धा.
चाचांच्या निलंबनाचा आदेश मीच टाइप केला. एक चूक नाही.

१६ नोव्हेंबर
चाचा चष्मा विसरले होते. "वाच बेटा, काय लिवलं." वाचलं. मोठ्यानं. 'शासकीय वाहनाचा खाजगी वापर' दोनदा वाचलं.

२० नोव्हेंबर
निखत ऑफिसात आली! माझ्याशी बोलली!
"शाकीबभाई —" भाई! "आदेश मागून टाइप होत होते, एवढं लिहून द्या ना. अब्बूची नोकरी वाचंन."
"माझी जाईल त्याचं काय? मोहसीनले सांगा ना. सुपरवायझर आहे तो."
ती बघतच राहिली. मीही पोटभर बघून घेतलं. हिरवी ओढणी.

२४ नोव्हेंबर
रिश्ता तुटला. गाडीचोराची पोरगी नको म्हणे. जठारपेठेत दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले.

२८ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बसवलं. खुर्चीत! "सोमवारी चौकशी आहे. साक्षीदार तू. आदेश कधी नव्हतेच, एवढंच बोल. तुला नोकरीत कायम करायचं मी बघतो."
बघतो तर बघू दे.

३ डिसेंबर, रविवार
चाचा, चाची अन् निखत घरी आलेत. चाचा अम्मीला म्हणाले, "सारं ऑफिस झुठं निघालं, भाबी. एक तुमचा पोरगा नियमाले धरून राहिला. निखतले पदरात घ्या." अम्मी रडली.
मी पाणी प्यायला आत गेलो. निखत कप विसळत होती. वळली नाही. "या वेळचे आदेश तुमीच मुद्दाम टाइप नाही केले, नत्थुजीनं मले सारं सांगितलं. अब्बूले मी नाही सांगितलं. हो म्हणा. दामाद सासऱ्याच्या उलट साक्ष देत नाही. उद्या अब्बूकडून बोला. मंग जिंदगीभर तुमच्याच घरी राहीन. अन् तुमी कोण आहा ते रोज सांगीन तुमाले."
हे माझ्या खोलीत बसून लिहितो आहे. बैठकीतून अम्मी हाक मारून राहिली. अमरावतीची चारची बस मिळेल अजून. मागच्या दारानं निघतो. दार ओढून घेतो.